नऊ दिवसांची नोव्हेना-पुस्तिका: वापरून पाहिल्यावर

गर्भातल्या जिवाबद्दलची माझी मतं पक्की आहेत आणि घरात ती सगळ्यांना पाठ आहेत. भाचीची मतंही तितकीच पक्की, पण नेमकी उलट. गेल्या वर्षी आमचं असं वाजलं की पुढचे दोन महिने फोनवर "बरी आहेस ना" आणि "हो" यापलीकडे गाडी सरकेना. त्या दिवसांत ही पुस्तिका हाती आली: आपल्या प्रो-लाइफ, म्हणजे गर्भपातविरोधी, भूमिकेला विरोध करणाऱ्यांसाठी नऊ दिवसांची प्रार्थना (तिलाच नोव्हेना म्हणतात). पुस्तिकेचं नाव देत नाही, कारण तक्रारीही लिहिणार आहे आणि त्या छापणाऱ्यांना मी थेट कळवल्या आहेत.

आधी वस्तूबद्दल. तळहाताएवढा आकार, 48 पानं, टाइप मोठा. चष्मा न शोधता वाचता येते, हे माझ्या वयाला महत्त्वाचं. रोज एक स्तोत्र, छोटं चिंतन, एक मागणी, मग 'आमच्या बापा', 'नमो मारिया' आणि त्रैक्याचं गौरवगान या आमच्या कॅथलिकांच्या नेहमीच्या प्रार्थना. माझ्या घड्याळाने 12 मिनिटं. बांधणी मात्र दोन पिनांवर, आणि पाचव्या दिवशी मधलं जोडपान सुटून हातात आलं. नेमकं ते, ज्यावर आपण ज्याच्यासाठी प्रार्थना करतो त्या माणसाचं नाव लिहायला एक कोरी ओळ ठेवली आहे.

पहिल्या दिवसाला मध्ययुगातले धर्मपंडित संत थॉमस अक्वायनस यांचं म्हणणं दिलंय. ते असं: सर्वांसाठी आपण जी सर्वसाधारण प्रार्थना करतो तिच्यातून वैऱ्याला वगळायचं नाही, एवढं प्रत्येकावर बंधनकारक आहे, त्याच्यासाठी खास वेगळी प्रार्थना करणं ही त्यापुढची पायरी. वाचून मला जरा हायसं वाटलं. मग लक्षात आलं की मी पहिल्या पायरीवरही नव्हते. रोज रात्री कुटुंबातली नावं घेताना भाचीचं नाव आलं की मी "आणि सगळी मुलं" म्हणून पुढे जायचे.

पुस्तिकेचा जीव दुसऱ्या दिवसात आहे. तिथे सांगितलंय की आज त्या व्यक्तीचं मत बदलावं असं मागू नका. तिने स्वतःसाठी जे मागितलं असतं ते मागा. मी अडले. माझी नेहमीची प्रार्थना होती, "प्रभू, तिचे डोळे उघड." म्हणजे भांडण तेच, फक्त आता तिला उत्तर द्यायची सोय नव्हती. तिला काय हवं असेल? दहा मिनिटं बसले आणि एवढंच आठवलं, की दिवसभर खुर्चीत बसून तिची पाठ दुखते. तेच मागितलं. तिच्याबद्दल मला एवढंच माहीत आहे, याची लाज वाटली.

चौथ्या दिवसावर माझी सगळ्यात मोठी तक्रार आहे. बत्तीस वर्षं मी हिशेब तपासले. आकडे सलग नसले की डोळ्यांना खुपतं. बायबलमधलं स्तोत्र 139, आईच्या उदरात देवाने मला घडवलं असं सांगणारं, आमच्यात सगळ्यांच्या तोंडी असलेलं. पुस्तिकेत ओवी 18 नंतर एकदम 23. मी बायबल काढून पाहिलं. मधल्या चार ओव्यांत स्तोत्रकर्ता म्हणतो, देवा, दुर्जनांना मारून टाकशील तर बरं. तुझा द्वेष करणाऱ्यांचा मी द्वेष करत नाही काय? करतो, पुरेपूर करतो, ते माझेच वैरी. कॅथलिक चर्चच्या दैनंदिन प्रार्थनाविधीतही या ओव्या गाळलेल्या असतात, तेव्हा ही चूक छापणाऱ्यांची नाही. पण या विषयाच्या पुस्तिकेत त्या हव्याच होत्या. उदरातल्या बाळाबद्दलची कोवळीक आणि समोरच्याबद्दलचा संताप एकाच स्तोत्रात, पाच ओव्यांच्या अंतरावर! माझ्या स्वभावाचा एवढा नेमका फोटो दुसरीकडे कुठे काढलेला नाही. आणि त्या संतापानंतर लगेच येतं, "हे देवा, माझी झडती घे, माझं हृदय जाण." मधलं काढून टाकलं तर झडती कशाची घ्यायची?

सहाव्या दिवशी बर्नार्ड नेथन्सन यांची गोष्ट आहे. 1969 मध्ये अमेरिकेत गर्भपातावर बंदी घालणारे कायदे रद्द व्हावेत म्हणून जी संघटना उभी राहिली, तिच्या संस्थापकांपैकी हे एक डॉक्टर. पुढे त्यांचं मत फिरलं, आणि 1996 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. गर्भपाताच्या क्लिनिकबाहेर जमलेली माणसं एकमेकांसाठी, बाळांसाठी, गोंधळलेल्या बायकांसाठीच नव्हे, तर आतल्या डॉक्टर-नर्ससाठी आणि बंदोबस्तावरच्या पोलिसांसाठीही प्रार्थना करत होती, याची छाप आपल्यावर पडली असं त्यांनीच लिहून ठेवलंय. गोष्ट खरी आणि चांगली आहे. पण इथे ती गळाला लावलेल्या आमिषासारखी मांडली आहे: प्रार्थना करा, बघा मासा कसा लागतो! ज्यांचं मत मरेपर्यंत बदललं नाही, त्यांच्यासाठी केलेल्या प्रार्थनेचं काय? दगडांनी ठेचून मारलेल्या स्तेफनाच्या, पहिल्या ख्रिस्ती हुतात्म्याच्या, गोष्टीत सगळे त्या हत्येला संमती देणाऱ्या शौलाचा पुढे प्रेषित पौल झाला तेच सांगतात. दगड मारणारे हात बरेच होते, बाकीच्यांचं पुढे काय झालं ते बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात लिहिलेलं नाही. "हे पाप त्यांच्याकडे मोजू नकोस" ही स्तेफनाची मरतानाची विनवणी त्यांच्यासाठीही होतीच.

सातवा दिवस सरळ वगळावा. "अंधारात चाचपडणाऱ्या या आत्म्यांना" वगैरे. ही मागणी भाचीला समोर बसवून मोठ्याने वाचता येईल का, असा माझा साधा निकष. नाही येणार. त्या दिवशी मी दुसऱ्या दिवसाचीच मागणी पुन्हा केली.

आठवा दिवस गर्भपात झालेल्या बायकांसाठी आहे आणि तो सर्वांत जपून लिहिलेला आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1995 च्या परिपत्रकात अशा स्त्रियांशी थेट बोलून, खचू नका, आशा सोडू नका, असं म्हटलं होतं. त्याचा आधार घेतलाय. झालं ते चूक होतं हे लपवलेलं नाही, पण बोटही रोखलेलं नाही. त्या दिवशी वाटलं, भांडताना मी जी वाक्यं फेकली ती अशी कुणी ऐकत असती तर? भाचीने भांडणाच्या दिवशी "तुला काय माहीत कोणावर काय वेळ आलेली असते" असं म्हटलं होतं. कोणाबद्दल, ते मी विचारलं नव्हतं.

नऊ दिवस संपले, चमत्कार काही झाला नाही. महिन्याभराने ती घरी आली आणि टेबलावरची पुस्तिका चाळताना ते सुटलेलं पान तिच्या मांडीवर पडलं. वर तिचं नाव, माझ्या अक्षरात.

"मावशी, हे मला सुधारायला का?"

मी म्हटलं, "खालचं वाच."

खाली लिहिलं होतं: पाठ. नवीन खुर्ची. शांत झोप.

ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "पाठ अजून दुखते हं. तुझ्या देवाला सांग." आणि पान जागेवर नीट सरकवून ठेवलं. गर्भपाताचा विषय निघाला नाही. निघाला असता तर मी माझं मत तेच सांगितलं असतं, आणि तिनेही तिचं.

तर, घ्यावी का? घ्या. पहिला, दुसरा आणि आठवा दिवस एवढ्यासाठीही घ्या. स्तोत्र 139 आपल्या बायबलमधून पूर्ण वाचा, सातव्या दिवसाला हात लावू नका, आणि नाव लिहिण्याआधी पिना घट्ट करून घ्या. शाईपेन वापरू नका, मागच्या पानावर उमटतं. माझ्याकडे भाचीचं नाव सहाव्या दिवसावर उलटं दिसतं, बरोबर नेथन्सन यांच्या नावाखाली.