सॅलिफर्टचं केएच किट: नागपुरातल्या पहिल्या रीफ टँकसाठी

पहिला रीफ टँक, म्हणजे प्रवाळांचा खाऱ्या पाण्याचा टँक, लावताना पाच-सहा टेस्ट किटं एकदम घेऊ नका. सायकलिंगच्या (नव्या टँकमध्ये उपयोगी जिवाणू रुजण्याच्या) काळात अमोनिया-नायट्राइटचं किट लागतं, ते वेगळं. त्यानंतर खारटपणासाठी रिफ्रॅक्टोमीटर आणि अल्कॅलिनिटीसाठी (पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचं माप, अंशांत सांगतात तो केएच) एक बरं केएच किट, एवढ्यावर सुरुवातीचे बरेच महिने निभतात. केएचसाठी सॅलिफर्ट कंपनीचं किट घ्या, असं आम्ही ठामपणे सांगू. त्यात उणिवा आहेत, त्या पुढे येतीलच.

आधी केएचच का? कोरल आणि खडकांवरचं गुलाबी-जांभळं कोरॅलाइन शेवाळ सांगाडा बांधताना कॅल्शियम आणि कार्बोनेट ठरलेल्या प्रमाणात ओढतात. केएच २.८ ने उतरला की कॅल्शियम साधारण २० पीपीएमने (लिटरमागे मिलिग्रॅम) उतरतो. आता हे आकडे टँकच्या साठ्याशी लावून बघा. कॅल्शियमच्या ४२० मधले २० गेले तर साठ्याच्या पाच टक्केही हलत नाहीत, पण केएचच्या ८ मधले २.८ गेले म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त साठा संपला. कॅल्शियमच्या किटला जी घट नीट दिसणारही नाही, ती केएचच्या किटवर लख्ख दिसते. केएच ७ ते ९ मध्ये कुठेही चालतो, तो एका आकड्यावर टिकणं महत्त्वाचं. ७.५ वर महिनोन्महिने असलेला टँक हा दर आठवड्याला ७ ते १० असे झोके घेणाऱ्या टँकपेक्षा कधीही चांगला.

डब्यात केएच रिएजंटची बाटली, इंडिकेटरची थेंबाची बाटली, छोटी कुपी, ५ मिली आणि १ मिलीच्या सिरिंज, बारीक प्लास्टिकची नळी आणि तक्ता येतो. टँकचं ४ मिली पाणी कुपीत घ्यायचं, पत्रकात सांगितलेत तेवढे इंडिकेटरचे थेंब टाकायचे, पाणी निळसर-हिरवं होतं. मग १ मिलीच्या सिरिंजने रिएजंट थेंब-थेंब सोडत कुपी हलवत राहायची. रंग लालसर-गुलाबी झाला की थांबायचं आणि सिरिंजमध्ये उरलेला आकडा तक्त्यात बघायचा. निम्मी सिरिंज उरली तर केएच ८ च्या आसपास. सिरिंजवरची ०.०१ ची एक रेघ म्हणजे केएचचे सुमारे ०.१६. घरच्या टँकला यापेक्षा बारीक मोजमाप लागत नाही.

चुका मात्र ठरावीक जागी होतात. पहिली सिरिंज भरताना. नळी लावून रिएजंट ओढला की दट्ट्याखाली हवेचा छोटा पट्टा राहतो. नवखा माणूस तो पट्टा काढायला धडपडतो, किंवा द्रवाच्या पातळीवर आकडा वाचतो. दोन्ही नको. हवा राहू द्या. दट्ट्याच्या काळ्या रबराची खालची कड बरोबर १.०० वर ठेवा आणि शेवटीही तीच कड वाचा. शेवटी नळीत जो थेंब उरतो, तो हिशेबात धरलेलाच असतो. ओढताना नळीचं टोक पूर्ण बुडालेलं हवं आणि नळी घट्ट बसलेली हवी. हवा मधेच शिरली तर तो आकडा टाकून द्या आणि पुन्हा भरा.

दुसरी चूक ४ मिलीच्या मापात. ०.१ मिली पाणी कमी-जास्त झालं तरी केएच ८ चा ७.८ किंवा ८.२ दिसतो. कुपी आणि ५ मिलीची सिरिंज आधी टँकच्याच पाण्याने विसळा, आणि त्या सिरिंजमधला बुडबुडा टिचकी मारून काढा. इथे बुडबुडा चालत नाही. तिसरी चूक रंग वाचण्यात. टँकच्या निळ्या एलईडीखाली गुलाबी आणि राखाडी सारखेच दिसतात. खिडकीपाशी या, कुपीमागे पांढरा कागद धरा. शेवटाकडे निळा रंग मळकट राखाडी होतो, तिथून पुढे एकेक थेंब टाका आणि दर थेंबाला दोन सेकंद हलवा. हलवल्यावरही टिकणारा पहिला गुलाबी रंग हाच शेवट. गडद लाल होईपर्यंत थेंब टाकत राहिलात तर आकडा दर वेळी वेगळा आणि वाढीव येईल.

हे किट आम्हाला सगळ्यात जास्त उपयोगी वाटतं ते टँकच्या पाण्यापेक्षा टॉप-अपच्या, म्हणजे उडालेल्या पाण्याच्या जागी घालायच्या पाण्यासाठी. पेंच-कन्हानचं नळाचं पाणी पिण्याचं आहे. त्यात विरघळलेले बायकार्बोनेट असतात आणि तेच पाणी रोज टँकमध्ये घातलं की केएच हळूहळू चढतो. स्वयंपाकघरातल्या आरओवरही विसंबू नका, कारण बऱ्याच मशिनांत चवीसाठी मिनरल कार्ट्रिज असतं किंवा कच्चं पाणी थोडं मिसळलं जातं. कुपीत ४ मिली टॉप-अपचं पाणी घ्या, इंडिकेटर टाका, रिएजंटचा एक थेंब सोडा. पहिल्या-दुसऱ्या थेंबाला गुलाबी झालं तर पाणी ठीक. पाच-सहा थेंब खाल्ले तर आरओच्या पुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार ओढून घेणारं) बसवायची वेळ आली. टीडीएस (एकूण विरघळलेले क्षार) मीटर शून्याजवळ हवाच, पण त्या आकड्यात नेमकं काय आहे ते मीटर सांगत नाही. केएचचा भाग किती, ते हे किट सांगतं.

टँक तपासायचा तो टॉप-अप झाल्यावरच. दोन बाय दीड बाय दीड फुटांचा टँक काठोकाठ १२७ लिटरचा होतो, पण दगड-वाळू वजा जाता पाणी शंभरेक लिटरच उरतं. मे महिन्यात पंखा लावलेल्या अशा टँकमधून दिवसाला ३ लिटर उडालं, तर खारटपणा ३५ वरून ३६ च्या वर जातो आणि ८ चा केएच ८.२५ दिसतो. वाढलं काहीच नाही, पाणी तेवढं आटलं. सकाळी टॉप-अपआधी आणि संध्याकाळी टॉप-अपनंतर मोजून त्या दोन आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही. वेळ एकच ठेवा.

याच कारणाने ऑटो टॉप-अपच्या (उडेल तेवढं पाणी आपोआप घालणाऱ्या) टाकीत चुन्याचं पाणी घालायचा सल्ला नागपुरात जपूनच घ्यावा. कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं संपृक्त पाणी १ लिटर गेलं की १०० लिटरच्या टँकचा केएच १.१ ने चढतो. पावसाळ्यात दमट हवेत पाणी कमी उडतं, म्हणून त्या दिवसांत हिशेब बसतो. तीच मांडणी नवतप्यात तशीच ठेवली आणि ३ लिटर उडालं, तर एका दिवसात ३ च्या वर केएच आणि सोबत पीएचची उडी. हीटरवर, पंपाच्या पंख्यावर पांढरा थर धरतो आणि कॅल्शियम वाया जातो. डोस बाष्पीभवनाच्या भरवशावर सोडू नका, तो वेगळा आणि मोजून द्या.

तो मोजून द्यायला किराणा दुकानातला खायचा सोडा पुरतो. १०० लिटर पाण्याचा केएच १ ने वाढवायला ३ ग्रॅम शुद्ध सोडियम बायकार्बोनेट लागतं. ग्लासभर आरओ पाण्यात विरघळवून जोरदार प्रवाहात हळूहळू ओता, आणि एका दिवसात १ पेक्षा जास्त वाढवू नका. बेकिंग पावडर, पापडखार, पानाचा चुना यातलं काहीही टँकमध्ये जाता कामा नये.

वॉटर चेंजआधी नव्या मिक्सचाही (मीठ कालवलेल्या नव्या पाण्याचाही) केएच मोजा. रेड सी कंपनीच्या साध्या मिठाचा केएच ८ च्या आसपास, त्यांच्याच कोरल प्रो मिठाचा १२ च्या आसपास. ८ वर असलेल्या टँकचं २५ टक्के पाणी कोरल प्रोने बदललं की केएच ९ होतो. सॉफ्ट कोरल आणि गोगलगायींच्या टँकमध्ये केएचचा खप फार कमी असतो, तिथे साधंच मीठ बरं. दगडी प्रवाळं वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहेत, हेही नवख्याला आधीच माहीत असावं.

आता उणिवा. रिएजंट हे सौम्य आम्ल आहे. टोपण सैल राहिलं की त्यातलं पाणी उडतं, आम्ल तीव्र होतं, थेंब कमी लागतात आणि केएच खरा असतो त्यापेक्षा कमी दिसतो. मग माणूस सोडा घालत सुटतो. आपल्या उन्हाळ्यात हा धोका खरा आहे. किट टँकखालच्या कपाटात ठेवू नका, घरातल्या थंड-अंधाऱ्या कप्प्यात ठेवा आणि दर दोन महिन्यांनी तपासा. तपासायची रीत सोपी आहे. इतवारीत सराफांकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमचा काटा घ्या, ३ ग्रॅम सोडा १ लिटर डीआय पाण्यात विरघळवा, त्यातलं १०० मिली घेऊन पुन्हा १ लिटर करा. या पाण्याचा केएच १० असतो आणि सिरिंजमध्ये ०.३७-०.३८ च्या जवळपास उरायला हवं. केएचमध्ये फरक अर्ध्या अंशाहून जास्त आला तर नवं किट घ्या.

ज्यांना रंगांमधला फरक कळायला अडचण आहे, त्यांनी हॅनाचा एचआय७७२ चेकर घ्यावा. त्यात १० मिली पाणी आणि १ मिली रिएजंट, आकडा थेट पडद्यावर. कुपीवर बोटाचा ठसा राहिला की आकडा बिघडतो आणि एका बाटलीत २५ चाचण्याच होतात. एपीआयचं किट सोपं आहे, पण ५ मिली पाण्याला एक थेंब म्हणजे एक अंश, त्यामुळे ७.२ आणि ७.८ मधला फरक त्याला पकडता येत नाही. पाणी १० मिली घेतलं तर अर्ध्या अंशापर्यंत जाता येतं.

वापरून वापरून १ मिली सिरिंजवरचे आकडे पुसट होतात आणि दट्ट्या अडकायला लागतो. मेडिकलमधून दुसरी आणताना इन्सुलिनची आणू नका, कारण आपल्याकडच्या बऱ्याच इन्सुलिन सिरिंजवर १ मिलीचे ४० भाग असतात आणि तक्ता जुळत नाही. १ मिलीची ट्युबरक्युलिन सिरिंज मागा, तिच्यावर ०.०१ च्या रेघा असतात. किटातली नळी तिच्या टोकावर घट्ट बसते का, ते काउंटरवरच लावून बघा.