रबरी कीपॅड दुरुस्त करायला पाठवला आणि 5,380 रुपयांना बुडालो

'जुने रिमोट, कॅल्क्युलेटर, व्हिडिओगेम, झिजलेली बटणं नव्यासारखी' अशी जाहिरात मोबाईलवर दिसली तर हे आधी वाचा.

जमीन मोजणीत माझी 24 वर्षं गेली. कॅसिओचा जुना प्रोग्रॅमेबल कॅल्क्युलेटर वापरतो. ट्रॅव्हर्सचे (जोडलेल्या मोजणी-रेषांचे), कर्व्हचे (वळणांचे) हिशेब करणारे मिळून 11 प्रोग्रॅम मी स्वतः त्यात टाकले होते. 5 आणि 8 ची बटणं दाबूनही आकडा उमटेना, म्हणून या जाहिरातवाल्यांना गाठलं. 450 ॲडव्हान्स, कुरियरचे 180 माझेच. आठवड्याने फोन, "सर, रबर मॅटच गेलीय, बाहेरून मागवावी लागेल." 1,250. पुन्हा फोन, "बोर्डवर गंज आहे." आणखी 900. वस्तू त्यांच्या ताब्यात गेली की आपण अडकलो. एकूण रक्कम लेखी मिळाल्याशिवाय काहीही पाठवू नका.

मग त्यांनी 'नव्या मॅट'चा फोटो पाठवला. माझ्या मुलाने बघून विचारलं, "बाबा, बटणांच्या खाली हे चकाकतंय काय?" मी म्हटलं, "नवीन आहे ना, म्हणून." हे वाक्य आठवलं की आजही रात्री झोप लागत नाही. रबरी बटणाखाली कार्बनची टिकली असते, काळी आणि मंद. ती बोर्डवरच्या पट्ट्यांना टेकली की आकडा उमटतो. हे मला माहीत होतं! चकाकणारी टिकली दिसली तेव्हाच सगळं परत मागवायला हवं होतं. पण सोमवारपासून साइट होती, पार्टी रोज फोन करत होती, आणि घाईत असलेला कुठलाही माणूस हेच करेल.

कॅल्क्युलेटर परत आला. तिसऱ्या दिवशी 8 बंद. उघडला तर टिकल्यांवर सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद, फेविक्विकने चिकटवलेला. सिलिकॉन रबराला फेविक्विक धरत नाही. अर्धे तुकडे सुटून आत खुळखुळत होते. मॅट माझीच, जुनी. दोन्ही सेल एकदम काढले की मेमरी पुसली जाते, म्हणून 'दोन्ही सेल एकदम काढू नका' अशी चिठ्ठी मी मागे चिकटवली होती. ती तशीच होती, पण 11 ही प्रोग्रॅम उडालेले.

भांडलो तर आवाज एकदम गोड. "सर, 2,600 परत करतो, हा क्यूआर स्कॅन करा." केला, पिन टाकला. 2,600 आले नाहीत, आणखी 2,600 गेले. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे घरातल्या सगळ्यांना आजच सांगा. मलाही ठाऊक होतं, पण संतापलेल्या डोक्याला सुचत नाही.

बँकेत गेलो. "पिन तुम्हीच टाकलात ना? मग आम्ही काय करणार?" ठाण्यात दीड तास बसवून ठेवलं, नंतर विचारलं, "कॅल्क्युलेटरसाठी तक्रार?" तक्रार कॅल्क्युलेटरची नव्हती, चोरीची होती! पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला, तिकडे जा म्हणाले. तिकडे फोन केला तर म्हणाले, पैसे तुमच्याकडून गेले, तिथेच नोंदवा. चार फेऱ्या झाल्या, दोन दिवसांची मजुरी बुडाली, हातात फक्त पोचपावती. बँक-ठाण्यात वेळ घालवू नका, पैसे गेले की त्याच मिनिटाला 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावा. मी तिसऱ्या दिवशी लावला.

आणि दुरुस्ती? आमच्या गल्लीतल्या रिमोटवाल्याने 80 रुपयांत केली. कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून बोर्ड पुसला, टिकल्यांवरून हलकेच फिरवला. बहुतेक बटणांवर रबरातून सुटलेला तेलकट थरच होता. 5 आणि 8 वर त्याने कार्बन पेंटचा पातळ हात दिला, रात्रभर सुकू दिलं. पॉलिशपेपर मात्र कोणालाही मारू देऊ नका, आहे तो कार्बनही निघून जातो. आणि उघडण्याआधी प्रोग्रॅम वहीत उतरवा. माझे चार वहीत सापडले, सात गेले.

त्यांचं पेज अजून चालू आहे. काल जाहिरातीखाली मी आकड्यांसकट सगळं लिहिलं. तासाभरात ते काढून मला ब्लॉक केलं.