पुढच्या ब्रेकचा होज: रबरी घ्यावा की स्टीलच्या जाळीचा?

१९९९ ची हिरो होंडा सीबीझी किंवा २००३ ची करिझ्मा या पिढीतली, पुढे एकच डिस्क असलेली मोटरसायकल ज्यांनी अजून चालती ठेवली आहे, त्यांना कधी ना कधी पुढच्या ब्रेकचा होज, म्हणजे ब्रेक ऑइल वाहून नेणारी लवचिक नळी, बदलावाच लागतो. तेव्हा मूळ मापाचा रबरी घ्यावा, की आत टेफ्लॉनची नळी आणि वर स्टीलची जाळी असलेला, असा प्रश्न पडतो. मी दोन्ही वापरले आहेत, त्यामुळे माझे मत पूर्णपणे तटस्थ नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

रबरी होजच्या बाजूने सांगण्यासारखे बरेच आहे. त्याची दोन्ही टोके गाडीला हव्या त्या कोनातच वळवलेली असतात, फोर्कवरच्या (पुढचे चाक धरणाऱ्या दांड्यांवरच्या) क्लॅम्पमध्ये तो बिनबोभाट बसतो आणि हँडल पूर्ण वळवले तरी ताणला जात नाही. स्टीलचा तयार होज घेतला, तर लांबी किंवा टोकाचा कोन यांपैकी काहीतरी चुकण्याची शक्यता असते; शिवाय जाळीवर प्लास्टिकचे आवरण नसेल, तर ती मडगार्डचा रंग कानशीसारखी खरवडते. म्हणून घ्यायचाच झाला तर आवरण असलेला आणि जुना होज नमुन्याला देऊन बनवून घ्यावा. पैसे अर्थातच जास्त पडतात.

दाबाखाली रबर किंचित फुगते, स्टीलची जाळी टेफ्लॉनला फुगू देत नाही. त्यामुळे ब्रेकची लिव्हर कडक लागते. ताम्हिणी घाट उतरताना मला तो फरक स्पष्ट जाणवतो, मात्र त्यातला काही वाटा सोबत भरलेल्या ताज्या ब्रेक ऑइलचाही असू शकेल. केवळ शहरात फिरणाऱ्यांनी एवढ्यासाठी खर्च करावा, असे मी म्हणणार नाही.

मला खरा वैताग आणला तो रबरी होजवर छापलेल्या तारखेने. रबर पाकिटातही म्हातारे होते, आणि अनेक जपानी गाड्यांच्या पुस्तिकांत तर होज दर चार वर्षांनी बदलावा असे सांगितलेले असते. गाडीचे उत्पादन थांबलेले असल्याने दुकानदार कपाटात उरलेला माल काढून देतो; मला मिळालेल्या ‘नव्या’ होजने ती मुदत कपाटातच ओलांडली होती. पाकीट सीलबंद असल्याचा दिलासा दुकानदाराने दिला, पण त्याने रबराचे वय कमी होत नाही. त्यातही असा होज बाहेरून ठणठणीत दिसतो. आतला थर सुटला किंवा फुगला, की लिव्हरच्या जोराने ऑइल पुढे जाते, परत मात्र सहज येत नाही, मग डिस्क घासत राहते आणि दोष डिस्क आवळणाऱ्या बिचाऱ्या कॅलिपरला दिला जातो. टेफ्लॉन असे कुजत नाही, आणि बनवून घेतलेल्या होजच्या वयाबद्दल शंका उरत नाही.

ज्यांना ताज्या तारखेचा रबरी होज मिळेल, त्यांनी तो खुशाल बसवावा. मला पुन्हा निवड करायची वेळ आली, तर मी बहुधा तो शोधत बसणार नाही.

कोणताही बसवला तरी बँजो बोल्टची, म्हणजे होजचे टोक जोडणाऱ्या पोकळ बोल्टची, तांब्याची वॉशर नवीच घालावीत आणि ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेलेच, म्हणजे डॉट ३ किंवा डॉट ४ प्रतीचे, ऑइल भरावे. सिलिकॉनचे डॉट ५ त्यात चालत नाही. ब्लीडिंगनंतरही, म्हणजे ऑइलमधली हवा काढल्यावरही, लिव्हर मऊ लागली, तर हवा बहुधा मास्टर सिलिंडरजवळच्या (लिव्हर दाबताच ऑइल ढकलणाऱ्या भागाजवळच्या) वरच्या बँजोत अडकलेली असते. हँडल डावीकडे वळवून, तो बोल्ट किंचित सैल करून, खाली फडके धरून ती काढता येते.