शिरोडा मिठागराजवळचा लॉज: पक्षी बघायचे असतील तर नक्की जा

जानेवारीत गेलो होतो, मी, बायको आणि सासरे. रूम साध्या पण स्वच्छ, गरम पाणी येतं, मोबाईलला रेंज येते जाते. सकाळी घावणे-चटणी, रात्री तिसऱ्यांचं सुकं आणि सोलकढी, जेवणाला नाव ठेवायला जागाच नाही.

पण इथे जायचं ते मालक काकांसाठी. बाकी ठिकाणी पक्षी बघायचे म्हटलं की पहाटे उठवून नेतात, मग भरती असो नाहीतर ओहोटी. इथे काका आधी तिथी विचारतात, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, म्हणजे चतुर्थीला तीन वाजता. ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो तेव्हा चिखल्या, तुतवार, टिलवे असे चिखलात चरणारे छोटे पक्षी सगळे तिकडे पांगलेले, दुर्बिणीतूनही नुसते ठिपके दिसतात. पाणी चढून चिखल बुडाला की बसायला जागा उरत नाही आणि मग थवेच्या थवे मिठागराच्या बांधांवर येऊन उतरतात. आम्ही घाई करायला लागलो तर काका म्हणाले, "वायच थांबा, भरती येऊंदे." आणि खरंच आले हो!

छोटा टिलवा इतक्या जवळून मी पहिल्यांदाच बघितला. जेमतेम २५-३० ग्रॅमचा जीव, पार आर्क्टिककडून आलेला, एका पायावर उभा, चोच पाठीच्या पिसांत खुपसलेली, बाजूच्याने ढकललं तरी दुसरा पाय खाली न टेकता उड्या मारत सरकला. सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे. मागे लाल पायांचे शेकाटे पाण्यात. सासऱ्यांना मात्र १९३० चा मिठाचा सत्याग्रह झाला ते हेच शिरोडा याचंच जास्त अप्रूप, ते बराच वेळ मीठ ओढणाऱ्या लोकांशी बोलत बसले.

काका बांधावर चढू देत नाहीत, फोटोसाठी कितीही गयावया करा. मला हे फार पटलं, थवा सारखा उठवला तर बिचाऱ्यांची विश्रांती जाते आणि पावलांनी बांध ढासळला तर नुकसान मिठागरवाल्यांचं.

तक्रार एकच, शेजारच्या रूमवाल्यांनी रात्री उशिरापर्यंत स्पीकर लावला होता आणि कोणी काही बोललं नाही. पक्षी बघायला येणारे लवकर झोपतात, लॉजने याचा नियम करायलाच हवा.

ऑक्टोबर ते मार्च जा, आणि बुकिंग करताना कॅलेंडरमधे तिथी बघा. अमावस्या-पौर्णिमेला उधाण मोठं पण ते भर दुपारच्या उन्हात, म्हणून द्वादशीच्या आसपासचे दिवस घ्या, भरती सकाळी नऊच्या सुमारास मिळते.