नागपुरात महालातल्या काकांकडे रिमोटची बग्गी ट्यून करून घेतली, 5 पैकी 4 स्टार

आधीच सांगतो, हे दुकान नाही. बोर्ड नाही, काउंटर नाही, महालातल्या एका जुन्या वाड्याची ओसरी आहे, तिथे एक लोखंडी टेबल, वर लॅम्प, आणि हिंगणा एमआयडीसीत उभी हयात लेथवर काढलेले एक काका. नाव-नंबर टाकू नको म्हणून त्यांनीच बजावलंय. रविवारी सकाळी जिथे कुठे बग्गीवाले पोट्टे जमतात तिथे विचारा, कोणीही सांगेल.

माझी गाडी म्हणजे रिमोटवर चालणारी 1/10 ची (खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्शाएवढी) फोर व्हील ड्राइव्ह बग्गी, रेडी टू रन म्हणजे जोडून तयार आलेली, दिवाळीत ऑनलाइन घेतलेली. डांबरी रस्त्यावर एकदम मक्खन. पण आम्ही पळवतो बेसाकडच्या एका रिकाम्या लेआउटमध्ये, तिथे अर्धा मुरूम अर्धी काळी माती, आणि पोट्ट्यांनी प्लायवूडचा रॅम्प ठोकलाय. त्या रॅम्पवरून गाडी सुटली की शेपूट वर, नाक खाली, थेट नाकावर. तीन महिन्यांत पुढचे दोन आर्म (चाक धरणारे दांडे) आणि एक शॉक टॉवर (शॉक अ‍ॅब्सॉर्बर वरून जिथे बसतो ती पट्टी) गेला. वळणावर वेगळीच कटकट, रेस दिली की आतलं चाक नुसतं फिरून राहिलं आणि गाडी जागेवरच.

आधी एका दुकानात विचारलं होतं तर त्यांनी कडक स्प्रिंगा दिल्या, म्हणे रेसिंगवाले हेच वापरतात, आणि मी येडा घेऊन आलो. लावल्यावर गाडी आणखीच माकडासारखी उडायला लागली. मग माझं डोकं जास्त ताकदीच्या ब्रशलेस मोटरकडे गेलं, म्हटलं पॉवर वाढली की सगळं ठीक होईल. तेवढ्यात एका मित्राने काकांकडे नेलं म्हणून पैसे वाचले.

काकांनी स्क्रू ड्रायव्हरला हातसुद्धा लावला नाही आधी. बॅटरी आत ठेवायला लावली, गाडी टेबलापासून वीतभर वर धरली आणि सोडून दिली. पोट खट्टकन आपटलं आणि मागची चाकं टुण्णकन वर. मग म्हणाले, "तुझी गाडी नाही बे ही, हा नाकतोडा आहे," आणि फळीवरून खरंच एक नाकतोडा काढला, तामियाची ग्रासहॉपर, 1984 चं मॉडेल. त्या गाडीच्या शॉकमध्ये तेल नसतंच, नुसत्या स्प्रिंगा. ती दाबून सोडली तर टणाटण नाचली. स्प्रिंग जेवढं दाबलं तेवढं परत फेकते, फेकण्याला लगाम घालतं ते तेल, आणि तुझ्या शॉकमध्ये तेल आहे का ते आता बघू, असं म्हणून त्यांनी माझा मागचा शॉक उघडला. आत काळपट पाण्यासारखं काहीतरी, अर्ध्याच्या वर तर हवाच. वरून मी घातलेली कडक स्प्रिंग. म्हणजे रॅम्पच्या टोकावर मागची चाकं आली की ती स्प्रिंग गाडीच्या ढुंगणाला लाथ मारत होती आणि मी मोटर बदलायला निघालो होतो!

शॉक भरणं हा प्रकार मी यूट्यूबवर दहा वेळा बघितला होता तरी समोर बघणं वेगळं. तेल काठोकाठ भरलं, पिस्टन तळाशी नेला, आणि मग अगदी सावकाश, मुंगीच्या चालीने वर खाली, वर खाली. प्रत्येक फेरीला पिस्टनच्या भोकांतून बारीक बुडबुडे साबुदाण्यासारखे वर येतात. घाईने केलं की तेच बुडबुडे फुटून तेलात मिसळतात आणि तेल दुधी होतं. मग चारही शॉक उभे ठेवून आम्ही चहा घेऊन आलो, तोवर उरलेली हवा वर आली होती. झाकण लावताना जास्तीचं तेल बाहेर येऊ दिलं, पुसलं, आणि दोन्ही मागचे शॉक टोकाला टोक लावून तळहातात दाबले. दोन्ही दांडे सारखेच आत गेले पाहिजेत, एक आधी गेला तर जोडी जमली नाही. पुढची जोडी जमली नाही म्हणून ती परत उघडली, माझ्यासमोर, न चिडता. मी असतो तं म्हटलं असतं जाऊ दे.

तेल पुढे 450 आणि मागे 400, सीएसटी मध्ये, म्हणजे तेलाच्या घट्टपणाचं माप, आकडा मोठा तेवढं तेल घट्ट. बाटलीवर 30, 35 असे डब्ल्यूटीचे (वेटचे) आकडे असतात ते कंपनीगणिक बदलतात म्हणून काका फक्त सीएसटी बघतात. आणि एवढं घट्ट काहून असं विचारलं तर बाहेर बोट दाखवलं, ऊन! आपल्याकडे मे मध्ये पारा 45 च्या आसपास असतो, तापलं की तेल पातळ होतं, थंडीत हेच तेल जड वाटेल तेव्हा 50 ने खाली उतर म्हणाले. कडक स्प्रिंगा काढून जुन्याच लावल्या. शॉकवरचे कॉलर फिरवून पुढची मागची उंची सारखी केली. मागच्या चाकांना 3 अंश टो-इन (चाकांची पुढची बाजू किंचित आत वळलेली) होतंच, ते तसंच ठेवलं, मला कमी करून हवं होतं तर सरळ नाही म्हणाले.

डिफरन्शियल, म्हणजे वळणावर डाव्या-उजव्या चाकाला वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा डबा, उघडलं तर आत नुसतं ग्रीस. ते धुऊन पुढे 7000 आणि मागे 5000 सीएसटीचं तेल घातलं. आता वळणात शिरताना गाडी जरा आळस करते पण बाहेर निघताना पुढची चाकं अशी खेचतात की मजा येते, आणि ते आतलं चाक फिरणं जवळजवळ बंद. पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) आणि स्पर गिअरच्या (तो ज्याला फिरवतो त्या मोठ्या गिअरच्या) मधे वहीच्या कागदाची पट्टी घालून मोटर घट्ट केली आणि पट्टी ओढून काढली, बस, गॅप बरोब्बर. मी सहा महिने अंदाजपंचे करून राहिलो होतो, म्हणून तर गिअर रडायचे.

रविवारी काका स्वतः ग्राउंडवर आले, हे मला अपेक्षित नव्हतं. तर्री पोहे खाऊन झाल्यावर मोबाइलवर स्लो मोशन लावला आणि मला उडी मारायला सांगितली. नाक थोडं खाली गेलंच. मी म्हटलं काका, अजून जातंच आहे. त्यांनी व्हिडिओ दाखवला, रॅम्पच्या टोकाच्या वीतभर आधी मी भीतीने रेस सोडत होतो. रेस सोडली की मोटर चाकांना ब्रेक लावते आणि हवेत फिरती चाकं थांबली की नाक खाली जातं, तेच रेस दिली की नाक वर येतं. ईएससीचा (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटचा) ड्रॅग ब्रेक, म्हणजे रेस सोडली की आपोआप लागणारा ब्रेक, तोही जास्त होता तो कमी केला. मग टोकापर्यंत रेस धरून ठेव, हवेत गाडी बघ, नाक जास्तच वर चाललं तर ब्रेकची एक टिचकी, एवढं सांगितलं. चौथ्या पाचव्या उडीला चारही चाकांवर बसली, आणि तो आवाज खट्ट नाही, धप्प असा. बाजूचे पोट्टे "लय भारी बे" करून ओरडले.

आता एक स्टार काहून कापला ते. चार दिवस सांगून अकरा दिवस लावले, फोन उचलत नाहीत, आणि एक विचारायला गेलं तर लेथच्या जमान्यातल्या तीन गोष्टी ऐकाव्या लागतात. एक पुढचा शॉक आठवड्यात गळायला लागला, ओ-रिंग चिरली होती. ती फुकट बदलून दिली पण त्यासाठी परत गाडी काढून महालात जा, आणि तिथे संध्याकाळी पार्किंग मिळणं म्हणजे बाप्पा! पार्ट विकत नाहीत, तेल आणि ओ-रिंग सोडून काहीच नाही, तुटका आर्म तुम्हालाच मागवावा लागतो. मजुरी 600 घेतली, तेलाचे वेगळे. मला तरी स्वस्त वाटलं, मोटरचा खर्च धरला तर फारच.

गाडी नेताना मात्र साफ करून न्या. पहिल्या दिवशी मी आर्ममध्ये काळ्या मातीची ढेकळं अडकलेली तशीच घेऊन गेलो होतो, काकांनी ओसरीच्या पायरीवरच थांबवलं, हातात एक जुना टूथब्रश दिला आणि आत निघून गेले.