माझ्याच ग्रॅच्युइटीच्या बदल्यात घेतलेला राजीनामा

चाकणच्या एका कारखान्यात मी जून 2012 पासून स्टोअर विभागात होतो. हुद्दा ‘सीनियर एक्झिक्युटिव्ह’ असा भारदस्त असला, तरी हाताखाली कोणी नव्हते. मालाची आवक-जावक लिहिणे, चलने तपासणे आणि महिनाअखेरीस साठा मोजणे एवढेच काम होते. 2019 मध्ये नवे व्यवस्थापक आले आणि सर्वांसमोर अपमान करणे, सुट्टीच्या दिवशी बोलावून विनाकारण बसवून ठेवणे, साठ्यातील प्रत्येक तफावत माझ्या माथी मारणे हे रोजचे झाले.

नोव्हेंबरमधील एका सायंकाळी मला एचआरच्या खोलीत बोलावून मोबाइल बाहेर ठेवायला लावला. टेबलावर माझ्या नावाचा टाइप केलेला राजीनामा तयार होता आणि त्यात ‘स्वखुशीने, कौटुंबिक कारणास्तव’ असे शब्द होते. सही केली तर ग्रॅच्युइटी आणि चांगले अनुभवपत्र मिळेल, नाहीतर कामात कमी पडल्याबद्दल काढून टाकू आणि ग्रॅच्युइटीचा एक रुपयाही हाती लागणार नाही, असे व्यवस्थापकांनी बजावले. गृहकर्जाचा हप्ता डोळ्यांसमोर होता. दीड तासाने मी सही केली आणि त्याच रात्री कार्यमुक्तीचे पत्र हातात पडले.

ग्रॅच्युइटी मिळाली. मूळ वेतन 26,000 रुपये. त्याला महिन्याच्या कामाच्या 26 दिवसांनी भागून 15 दिवसांचे 15,000, आणि सात वर्षांचे 1,05,000 रुपये. मला ती त्यांची मेहेरबानी वाटली. अनुभवपत्र मात्र ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणत चार महिने अडवून ठेवले आणि कुठे तक्रार केल्यास ते मिळणारच नाही, हेही सुचवले गेले.

ते पत्र हाती आल्यावरच मी कामगार कायद्याचे काम करणाऱ्या एका वकिलांकडे गेलो. पाच वर्षांची सलग सेवा झाल्यावर ग्रॅच्युइटी हा हक्कच असतो, आणि हिंसक किंवा दंगेखोर वर्तन, नैतिक अधःपतनाचा गुन्हा अथवा मालमत्तेचे नुकसान अशा कारणांवरून सेवा संपवली तरच ती पूर्ण किंवा अंशतः रोखता येते, हे तिथे समजले. कामात कमी पडल्याचा ठपका त्यात बसतच नाही. म्हणजे माझ्याच पैशांचे आमिष दाखवून माझ्याकडून राजीनामा घेतला होता. कंपनीने स्वतः कामगार कपात म्हणून मला कमी केले असते, तर औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम 25-फ प्रमाणे एक महिन्याची नोटीस किंवा तिचे वेतन आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचे सरासरी वेतन द्यावे लागले असते. ही तरतूद ‘कामगारां’साठीच होती, पण मी ‘कामगार’ आहे की नाही हे हुद्द्यावरून ठरत नाही, प्रत्यक्ष कामावरून ठरते, हेही मला तेव्हाच कळले. अनुचित कामगार प्रथांविरुद्ध महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्याखाली तक्रार करण्याची 90 दिवसांची मुदत अनुभवपत्राची वाट पाहण्यात निघून गेली होती; विलंब माफ करून घेता येतो, पण त्यासाठी सबळ कारण सिद्ध करावे लागते. शिवाय सही धाकाने घेतली, असे त्याच दिवशी मी कुठेही लेखी कळवले नव्हते. एक साधा ईमेलसुद्धा पुरावा ठरला असता, याची खंत मला आजही आहे.

21 नोव्हेंबर 2025 पासून ग्रॅच्युइटी आणि औद्योगिक विवादांच्या जुन्या कायद्यांची जागा घेणाऱ्या नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत, त्यामुळे कलमे आणि मुदती सध्याच्या तरतुदींप्रमाणे असा प्रसंग ओढवल्यावर पहिल्याच आठवड्यात वकिलांकडून किंवा कामगार कार्यालयातून समजून घ्याव्यात.

माझ्यानंतर दोन महिन्यांनी त्याच खोलीत माझ्या एका सहकाऱ्याला बसवले होते. ‘घरी विचार करून उद्या लेखी कळवतो,’ एवढेच सांगून ते सही न करता उठले आणि रात्रीच घडलेला प्रकार ईमेलने व्यवस्थापनाला कळवला. त्यांना कंपनीने नोटिशीचे वेतन आणि भरपाई देऊन कमी केले. ग्रॅच्युइटी तर मिळालीच.