चार रविवार आणि दोन खुर्च्या : होटगी रस्त्यावरील पालक-किशोर कार्यशाळेचा अनुभव

आमची मुलगी यंदा दहावीत आहे आणि गेल्या दिवाळीपासून घरातले तिच्याशी होणारे बोलणे "जेवलीस का", "पेपर कसा गेला" आणि "तो मोबाईल ठेव" या तीन वाक्यांवर येऊन थांबले होते. त्यामुळे सोलापुरात होटगी रस्त्यावरील एका समुपदेशन केंद्राने १३ ते १७ वयाची मुले आणि त्यांचे पालक यांच्यासाठी जून महिन्यात चार रविवारांची कार्यशाळा ठेवल्याचे कळताच १,८०० रुपये भरून आम्ही नाव नोंदवले. आई-वडील दोघेही आले तरी जादा शुल्क नाही. मात्र आमच्या भागात नळाला पाणी येण्याचा दिवस दोनदा नेमका रविवारीच आल्याने सौभाग्यवतींची निम्मी सत्रे हुकली, आणि त्याला सोलापुरात कोणाकडेच इलाज नाही.

कार्यशाळेचे खरे मोल पहिल्या रविवारच्या एका साध्या कृतीत आहे. पालक आणि मूल समोरासमोर दोन खुर्च्यांवर बसतात. मूल पाच मिनिटे मनातले बोलते, पालकाने मध्ये तोंड उघडायचे नसते, आणि वेळ संपल्यावर जे ऐकले तेवढेच त्याने आपल्या शब्दांत परत सांगायचे असते, त्यात सल्ला किंवा 'आमच्या वेळी' असे काहीही न मिसळता. माझी मुलगी गणिताच्या क्लासबद्दल बोलली. तिथे चाचणीचे गुण नावासकट फळ्यावर लिहितात, तिचे नाव सलग तीन वेळा खालून दुसरे होते, आणि घरी सांगितले तर पप्पा लगेच सरांना फोन लावतील या धास्तीने ती गप्प राहिली होती. हे सगळे ऐकून मी बोलायला सुरुवात केली आणि पहिलाच शब्द निघाला, "पण". समुपदेशक बाईंनी हात वर केला. दुसऱ्या खेपेलाही तेच झाले, तेव्हा मुलगीच हसून म्हणाली, "पप्पा, तुम्ही नुसतं 'हं' म्हणा, चालतंय." बावीस वर्षे यंत्रमागांच्या खडखडाटात गेल्याने मोठ्याने बोलायची आणि अर्धेच ऐकायची मला सवय आहे; ती कारखान्यातून जेवणाच्या ताटापर्यंत आली आहे, हे त्या खुर्चीवर बसेपर्यंत ध्यानात आले नव्हते.

दुसरे सत्र मेंदू आणि झोप यांवर होते. किशोरवयात मेलाटोनिन हे झोपेशी निगडित संप्रेरक रात्री उशिरा स्रवू लागते, त्यामुळे लवकर झोप न लागणे हा केवळ आळस नसतो, मोबाईलचा उजेड त्यात भर घालतो, आणि या वयाला रोज ८ ते १० तास झोप लागते, हे बाईंनी फळ्यावर आकृती काढून समजावले. आमच्या मुलीचा क्लास सकाळी सव्वासहाचा होता. घरी येऊन हिशेब मांडला तर तिची झोप जेमतेम साडेपाच तास भरली. आम्ही तुकडी बदलून संध्याकाळची घेतली आणि पहाटे पाचची खडाजंगी त्या आठवड्यापासून बंद झाली. आवेगाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपास पक्व होतो, हेही तिथेच कळले.

तिसऱ्या रविवारबद्दल मात्र तक्रार आहे. त्या दिवशी बाहेरून आलेल्या वक्त्याने दहावीनंतर शाखा कोणती घ्यावी या पालकांच्या काळजीवर बोट ठेवून, साडेचार हजार रुपयांत बोटांच्या ठशांवरून मुलाचा कल सांगणारी चाचणी विकण्याचा प्रयत्न केला. या चाचणीला कोणताही शास्त्रीय आधार नाही आणि नात्यावरच्या कार्यशाळेत तिचे काही कामही नव्हते. "आधार कार्डाला पण ठसे दिलेत की, तेव्हा का नाही सांगितलं?" असे मुलगी कानात कुजबुजली. केंद्राने हे सत्र सरळ वगळावे.

चौथ्या सत्रात मोबाईलचा करार लिहून घेतात. रात्री दहानंतर फोन स्वयंपाकघरातल्या खणात, हा नियम वडिलांनाही लागू असल्याने आमच्याकडे तो टिकला आहे. सभागृहावर पत्रा आहे आणि पंखे तीनच आहेत, तेव्हा पाण्याची बाटली न्यावी.

ज्यांना हे शुल्क परवडत नाही त्यांच्यासाठी सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांची 'मैत्री' केंद्रे आहेत, तसेच टेलिमानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र विनामूल्य चालतो. मूल आठवडेच्या आठवडे उदास असेल, जेवण-झोप तुटली असेल, तर कार्यशाळेची वाट न पाहता डॉक्टरांकडेच जावे. केंद्रानेही हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितले, याचे श्रेय त्यांना द्यायला हवे.

माझ्याकडून कार्यशाळेला दहापैकी सात गुण. मुलीने साडेसहा दिले आहेत. अर्धा का कापलास, हे विचारायला मी तोंड उघडले, तोच तिने बाईंसारखा हात वर केला.